बसचे पाय

मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. वीस वर्षं झाली. माझी रेघ वाकडी गेली असं कोणी म्हणालं, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावतो. माझ्या नाकावर राग असतो असं बायको म्हणते, आणि ते खरंच आहे. पण आज मला एका बाईंचे आभार मानायचेत, तेव्हा आधीच कबूल करून टाकतो. चूक माझी होती.

माझी लेक सहा वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी ठरेल तर शपथ! चित्र काढताना तेवढी गप्प बसायची. शाळेत चित्रांचं प्रदर्शन होणार होतं आणि चित्र आठवडाभर आधी द्यायचं होतं. द्यायच्या दिवशी सकाळी दप्तर भरताना ते माझ्या हाती लागलं. लाल बस. एका बाजूला कललेली, आणि खाली चाकांऐवजी चार पाय! म्हटलं, पाटीवाल्याच्या पोरीची ही बस? लोक काय म्हणतील? ती दात घासतेय तोवर मी पांढऱ्या रंगाने पाय बुजवले, पट्टी धरून बस सरळ केली, चार गरगरीत चाकं काढली. काचेवर चकाकीसुद्धा दिली. दहा मिनिटांत काम फत्ते.

भिंगरीने चित्र पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं. "छान आहे," म्हणाली आणि घेऊन गेली.

त्यानंतर तिने रंगीत खडूंचा डबा उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अगं, काढ की काहीतरी."

"तूच काढ बाबा. तुला येतं."

माझी आई गुडघ्यांना तेल चोळत पलंगावर बसली होती. ती म्हणाली, "काय केलंस रे पोरीला?" मी आईवरच खेकसलो. पण माझी नजर सारखी खडूंच्या डब्याकडे जात होती. तो डबा तसाच बंद राहिला तर?

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या चारही भिंती चित्रांनी भरल्या होत्या. वर्गाच्या बाईंची एक पद्धत आहे. मूल आपल्या चित्राबद्दल जे बोलेल, ते त्या जसंच्या तसं कागदाच्या पट्टीवर लिहितात आणि चित्राखाली चिकटवतात. एका निळ्या झाडाखाली लिहिलं होतं, 'याला थंडी वाजतेय.' मी हसत हसत पुढे गेलो, आणि माझी बस दिसली. सगळ्या वाकड्यातिकड्या गर्दीत तेवढी एकच ताठ. खाली पट्टी होती:

'ही बाबांची बस आहे. माझ्या बसला पाय होते. आजीचे गुडघे दुखतात ना, म्हणून तिच्यासाठी माझी बस खाली बसायची.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तडक बाईंकडे गेलो. "चार लोकांत माझी शोभा केलीत की हो!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ती बोलली तेच लिहिलं. बसला पाय का काढलेस, असं तुम्ही तिला विचारलं होतंत?"

बसमध्ये चढताना आईला मागून आधार देणारा मीच. तिचं 'अगं आई गं' रोज ऐकणारा मीच. आणि पोरीने तिच्यासाठी बस खाली बसवली, तर ती मी पुसून टाकली. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "बाई, ती आता काढतच नाही हो. काय करू?"

"काही शिकवू नका. शेजारी बसा, हात लावू नका. फक्त विचारा, मग पुढे काय?"

घरी आल्यावर मी माझी एक कोरी पाटी जमिनीवर ठेवली. शेजारी माझे रंग, माझे ब्रश. त्यांना एरवी मी कोणाला बोटही लावू देत नाही.

"भिंगरे, माझं चुकलं. तुझी बस मला बघायचीय."

"परत चाकं काढशील."

"नाही काढणार."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तिने ब्रश उचलला. एक पाय आखूड, एक लांब. लाल रंग खाली ओघळला. माझे हात असे शिवशिवायला लागले की मी ते मांडीखाली दाबून बसलो. "मग पुढे काय?"

"पुढे आजी चढते." आजी बसपेक्षा मोठी झाली. मला घाम फुटला, पण मी हूं की चूं केलं नाही. पलंगावरून आई म्हणाली, "मला खिडकीची जागा दे गं बाई!" भिंगरी खुदकन हसली आणि तिने बसला आणखी एक खिडकी काढली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी मी स्वतः शाळेत पोचवली. बाईंनी भिंगरीला विचारून खाली पट्टी लावली. प्रदर्शन संपल्यावर ती पाटी पट्टीसकट माझ्या दुकानात आली. पाटी करून घ्यायला येणारे विचारतात, "ही कोणी रंगवली?" मी त्यांना पट्टी वाचायला सांगतो. बाई, वीस वर्षांत माझ्या कामाची इतकी तारीफ कोणी केली नव्हती. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

'ही माझी बस आहे. बाबांनी हात लावला नाही. नुसते जवळ बसले.'