मिठाच्या कोठीतला शूर कैदी

शेजाऱ्याची स्तुती ऐकून भाकरीत खडा लागल्यासारखं तोंड करणारा माणूस तुमच्या घरात नसेल, तर वाचकहो, जरा आरशात बघा! नेरूळच्या गोवर्धनला मात्र आरशाची गरज नव्हती. त्याच्या पोटातली आग सगळ्या गावाला ठाऊक होती. मिठागरावरच्या बायका म्हणत, याच्या पोटाशी खाडीचं पाणी भरून कढई धरली, तर दुपारच्या आत मीठ पडेल.

या आगीचं नाव होतं बाळाराम. मोठ्या लढाईत तो बोटीवर खलाशी म्हणून गेला, जपान्यांच्या कैदेत सापडला, आणि घरच्यांनी त्याचं दिवसकार्य उरकल्यावर एके दिवशी चालत गावात आला. तेव्हा तो इतका वाळला होता की वारा सुटला तर बायको त्याला पदराने खांबाला बांधून ठेवी. त्या गोष्टीला दहाएक वर्षं झाली. बाळारामच्या अंगावर मांस चढलं, पण गावाचं त्याच्याबद्दलचं कौतुक काही वाळलं नाही.

गोवर्धनच्या घरात तर रोज नवी ठिणगी पडे.

"आज मोठा जिताडा मासा गावला," त्याची बायको शांती ताट वाढताना म्हणाली. "अर्धा बाळारामभावजींकडं धाडला."

"डोकं कोनाकडं गेलं?"

"त्यांच्याकडंच. त्यांनी किती उपास काढलं, ठाव नाय का?"

"आनि मना?"

"तुमाला शेपूट हाय की. गोड लागतं."

गोवर्धनने शेपूट खाल्लं, पण ते त्याच्या घशात आडवं बसलं ते बसलंच.

त्यात एक मोठी गोष्ट तोंडावर आली होती. नारळी पुनवेला खाडीत सोडायचा मानाचा नारळ गोवर्धनच्या घराण्याच्या हातात असे. आजाने सोडला, बापाने सोडला, आता तो सोडत होता. पण यंदा लोक कुजबुजू लागले होते: दर्याने ज्याला गिळून परत दिला, त्या बाळारामच्या हातून एकदा नारळ जाऊ द्या की! चैत्रातली जत्रा उठली की गावकीची बैठक बसे आणि मान कोणाचा ते ठरे. गोवर्धनची झोपच उडाली.

त्या जत्रेत पनवेलच्या रशीदभाईंनी तंबू ठोकून सिनेमा आणला. सिनेमा इंग्रजी, म्हणून रशीदभाई स्वतः भोंगा घेऊन अर्थ सांगत. लढाईतल्या कैद्यांची गोष्ट होती. शत्रूची छावणी, काटेरी तारा, पातळ पेज. शत्रूने एका कैद्याच्या हाती पेजेचा पळा दिला आणि त्याला कामाला लावलं. "देखो भाईयों," रशीदभाई भोंग्यातून ओरडले, "यो दुश्मनाचा पळा धरतोय, म्हनून जगतोय. बाकीचे मरतायत!"

सगळे पडद्याकडे बघत होते. गोवर्धन बघत होता बाळारामकडे. पडद्यावरचा पळा पातेल्यात बुडाला आणि बाळाराम उठला, कनात वर करून बाहेर निघून गेला. परत आलाच नाही.

झालं! गोवर्धनला घबाड सापडलं. सकाळी पाणवठ्यावर तो एवढंच म्हणाला, "मी काय बोलत नाय. पन यो का उठला, इचारा." दुपारपर्यंत बाळाराम शत्रूचा पळा धरणारा झाला. दिवस मावळेपर्यंत त्याने चार सोबती दगा देऊन मारवले. आणि गोष्ट तळोज्याला पोचली तेव्हा तर तो जपानच्या राजाला पापलेट तळून घालत होता आणि राजा त्याला "बाळाशेट" म्हणत होता!

हसू येतं ना? पण बाळारामच्या ओट्यावर बसणारी माणसं येईनाशी झाली, हे ऐकून हसू येणार नाही. ज्या होडीवर तो जाई, त्या होडीने त्याला न घेताच शीड उभारलं. ओट्यावर एकटाच जाळं विणत बसू लागला.

गावदेवीच्या देवळापुढे बैठक भरली. गोवर्धन छाती काढून उभा राहिला.

"देवीचा नारळ शत्रूची पेज खाल्लेल्या हातात देनार काय? मी असतो ना, तर उपाशी मेलो असतो! एक दाना खाल्ला नसता! आनि आपल्या मानसाचं नाव सांगाची येळ आली असती, तर जीभ तोडून फेकली असती!"

काही टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "शाब्बास रं माझ्या वाघा!"

ती चंद्राबाई, गोवर्धनची सख्खी आत्या. सुक्या मासळीचा धंदा करून म्हातारी झालेली. तिच्याशी घासाघीस करताना मुंबईचे व्यापारी स्वतःची टोपी तिच्या टोपलीत विसरून जात, असं सांगतात.

"आते, तू मधी बोलू नको."

"का नको? तू एवढा शूर, आनि गावाला दिसू नये? मिठागरावरची मिठाची कोठी अर्धी रिकामीच हाय. उद्या सकाळी आत बस. पानी मिलल, दाना नाय. परवा दिवस बुडंस्तोवर टिकलास, तर नारळ तुझा. आनि शत्रू मी!"

लोक हसले. गोवर्धनला माघार घेता येईना. शिवाय नारळ डोळ्यांपुढे नाचत होता. "कबूल!" तो म्हणाला.

सकाळी तो वाजतगाजत कोठीत शिरला. आधी त्याने आरत्या म्हटल्या. दुपारी नुसत्या टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आवाज बंद. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा त्याला मिठाच्या ढिगात वाफाळलेला भात दिसू लागला. लोक सांगतात, त्याने त्यातली मूठभर तोंडात घालून पाहिली आणि मग हंडाभर पाणी प्यायला.

आणि नेमकं तेव्हाच चंद्राबाईने कोठीच्या दाराशी चूल मांडली. तव्यावर तांदळाची भाकरी, निखाऱ्यावर सुके बोंबील. खाडीचा वारा म्हातारीच्या बाजूने फितूर झाला.

"गोवर्धना," ती फटीतून म्हणाली, "उघाडीवरची कोळंबी कोनी पळवली रं?"

आता हे समजून घ्या. खारबंदीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, पाणी आतबाहेर करायचं जे दार असतं, ती उघाडी. तिथली मासळी सगळ्या गावाची. तिथे चोरून जाळं लावणं म्हणजे देवीच्या ताटात हात घालणं. गेल्या अवसेला तिथली कोळंबी कोणीतरी नेली होती आणि चोर सापडला नव्हता.

"मना ठाव नाय," आतून आवाज आला.

"बरं." तिने भाकरी उलटली. भाकरी टम्म फुगली. "नाव सांग, ही तुझी. लोनी पन हाय."

आतून फटीला नाक लागलं. मग बोंबलाचं जाळ लागलेलं एक टोक चरचरलं.

"नामा!" गोवर्धन ओरडला. "नाम्यानं पळवली! मी निसती टोपली धरलेली, आते! आता दे!"

दार उघडलं आणि भाकरी त्याच्या हातावर पडली. बाहेर सगळी गावकी बसलेली! आणि पुढेच त्याचा जिवलग नामा, हातात फुलं घेऊन.

"गोवऱ्या," नामा रडवेला होऊन म्हणाला, "अरं, कालपासून तुझ्यासाठी देवीला नवस बोलून बसलोय मी!"

सूर्य अजून माथ्यावरही आला नव्हता.

कोणी हसलं नाही. चंद्राबाईही हसली नाही. ती गावाकडे वळली. "बघितलंत? याला कोनी मारलं नाय. दाराबाहेर याचीच आत्या बसलेली, घरी बायको वाट बघते, आज दिवस बुडला की सुटनार हे याला ठाव. तरी एका भाकरीला यानं मैतर इकला! जिथं उद्या सुटनार का मरनार हेच ठाव नाय, तिथं मानूस कसा वागला, ते तुमी पानवठ्यावर उभं राहून ठरवनार? भरल्या पोटी?"

इतक्यात बाळाराम पुढे आला. त्याने गोवर्धनच्या हातातली भाकरी काढून घेतली, तिचे बारीक तुकडे केले आणि एकच तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"हलू खा. आधी पानी पी. उपाशी पोटात घाईनं घास गेला तर कळ येते." मग खाली बसून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पळा माझ्याच हातात होता. जो आजारी, त्याला कमी वाढाचा हुकूम होता. काही दिवस मी चोरून जास्त वाढला. काही दिवस मना धीर झाला नाय. ज्यांना कमी वाढला, त्यांची तोंडं मना अजून दिसतात. तंबूत पन दिसली. म्हनून उठलो. नारळ दुसऱ्या कोनालाबी द्या."

गोवर्धनच्या तोंडातला तुकडा खारट झाला. तो उठला.

"नारळ बाळारामच सोडेल!" तो म्हणाला. "यानं मरनाच्या दारात बसून दुसऱ्याच्या ताटात चोरून वाढलं. मी खाल्लेल्या पोटानं याच्या ताटात माती टाकली. मी जळत होतो, दुसरं काय नाय! आनि उद्या कोनी इचारलं, बाळारामनं काय केलं, तर त्याला सांगा, आधी गोवर्धनला इचार, भाकरीसाठी तू काय बोललास!"

गावकीने एकमताने मान बाळारामला दिला. गोवर्धन आणि नामा, दोघांना खारबंदीवर चिखलाची पाटी वाहण्याची शिक्षा झाली. पहिले काही दिवस नामा गोवर्धनशी बोलला नाही. पाटी मात्र त्याच्या डोक्यावर मुद्दाम जड भरून देई, आणि गोवर्धन ती निमूट उचली.

पुनवेला बाळारामने नारळ सोडला तेव्हा गोवर्धनच्या पोटात कळ उठली नाही, असं मी म्हणणार नाही. उठली! मत्सर काही पडसं नव्हे, काढा घेतला की गेला. पण या वेळी त्याने ती कळ गिळली, तोंडावाटे दुसऱ्याच्या दारात सांडली नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्यालाही रोज असं कोणाचं तरी वाढलेलं ताट खुपतं, आणि मग आपण त्या ताटात पाप शोधतो. शोधण्याआधी एवढंच करा: एक दिवस उपाशी राहा, आणि मग बोला. ज्याने भूक भोगली त्याचा न्याय भरल्या पोटाने करू नये. आणि मत्सराने तर कधीच करू नये, कारण मत्सराचं पोट कधी भरतच नाही!