सुती साडीचा बोळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. रंग काळा, कोपऱ्यांना पत्रा, पुढं जाळी. इस्लामपूरजवळच्या एका गावात बाळगोंडा आप्पांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, मी भिंतीला टेकून उभा असतो.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. माझा जन्म झाला तेव्हा माझ्या पोटात यंत्र नव्हतं. नुसता कागदाचा एक मोठा पडदा, त्यामागं लोहचुंबक आणि भोवती प्लायवूडची पेटी. असला स्पीकर स्वतःहून बोलू शकत नाही. त्याच्या शेजारी आवाज वाढवणारं मशीन लागतं. त्या मशीनमधून दोन तारा येतात, त्यांतून जोर येतो, आणि मग पडदा हलतो. तारा काढल्या की मी मुका.

इस्लामपूरच्या एका सुतारानं मला बनवलं. पडद्याच्या खाली त्यानं एक गोल छिद्र ठेवलं. पडदा मागं गेला की पोटातली हवा त्या छिद्रातून बाहेर येते आणि आवाज भरदार लागतो. एका मांडववाल्यानं मला घेतलं. लग्नं, बारशी, उंब्रजच्या बाजूच्या जत्रा, सगळीकडं मी गेलो. लोक म्हणायचे, "खोकं लहान हाय, पण आवाज खणखणीत." पुढं माणसाहून उंच स्पीकरांच्या भिंती आल्या. मला कोणी विचारेना. मांडववाल्याच्या गोदामात दोरांच्या ढिगाखाली मी पडून राहिलो. माझ्यावर धूळ बसली, उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या.

तिथून मला त्रिशलाकाकींनी आणलं. माझ्याबरोबर माझं मशीन आणि एक माईकही आणला.

त्यांचे यजमान बाळगोंडा आप्पा यांची उमेदीची वर्षं साखर कारखान्यात, उसाच्या चरकांजवळ गेली होती. त्या आवाजानं त्यांचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यात नुसती शिट्टी वाजायची, म्हणून ते डब्यात पडलं. काकी ओरडून ओरडून थकल्या. त्यांना घशाचा त्रास सुरू झाला. मग त्यांच्या डोक्यात ही युक्ती आली. मला आप्पांच्या खुर्चीजवळ ठेवलं, मशीन फळीवर बसवलं आणि माईक नेला स्वयंपाकघरात.

"हॅलो. आवं, ऐकताय न्हवं? भाजी कसली करू?"

आप्पा माझ्या जाळीवर तळहात ठेवून ऐकायचे. थोडं कानाला कळायचं, थोडं हाताला. "कसली बी कर," ते म्हणायचे.

"कसली बी म्हंजे? रोज ह्येच! आन् ताटावर बसलं की तोंड वाकडं."

भिंतीपलीकडून शेजारच्या रंगुबाई ओरडायच्या, "काकी, घेवडा करा! काल दोडका झालाय तुमचा, साऱ्या गल्लीला ठावं हाय!"

"तू गप गं," काकी माईकवरूनच म्हणायच्या, "तुझ्या घरात काय शिजतं, ते सांगू का माईकवर?"

सगळी गल्ली हसायची. आप्पांना रंगुबाईंचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण काकींचं उत्तर ऐकून तेही हसायचे.

दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं व्हायची. मग काकी माईक घेऊन माझ्यासमोर बसून आप्पांना पोथी वाचून दाखवायच्या. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं हळू कोणी माझ्यातून बोललं नव्हतं. जत्रेत मी ओरडलो होतो. या घरात मी बोलायला शिकलो.

एके संध्याकाळी काकींना माझ्या छिद्राच्या तोंडाशी एक पाकोळी, दिव्यावर झेपावणारा पतंग, मरून पडलेली दिसली. दिव्यासाठी आलेली पाकोळी आत शिरली असावी आणि पडद्याच्या हादऱ्यात सापडली असावी. काकी जैन घरातल्या. मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून जपून चालणाऱ्या. त्यांना फार लागलं. "माज्या बोलण्यानं जीव गेला की," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा फाडून त्यांनी घट्ट बोळा केला आणि माझं छिद्र बुजवून टाकलं. त्यानं माझा भरदारपणा गेला. आवाज बारीक झाला, पण स्वच्छ झाला. आप्पांना तोच जास्त कळायचा. दर पंधरवड्याला काकी तो बोळा काढून धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि परत बसवायच्या.

मागच्या आषाढात काकींना ताप आला. सांगलीच्या दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर मशीन कोणी चालू केलं नाही. त्याची बटणं काकींनाच ठाऊक होती. पावसाळ्याच्या ओलीत ते फळीवरच बिघडलं. आप्पा माझ्याजवळ खुर्चीत बसून असायचे. कोणी आलं तर मान हलवायचे. बोलणं त्यांना कळायचं नाही, आणि परत विचारायची त्यांना इच्छा नव्हती. त्यांची मुलगी कीर्ती साताऱ्याला असते. ती फोन करायची, तो वाजून वाजून बंद व्हायचा. शेवटी ती आली. आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आप्पा, तुमी फोन उचलत न्हाई. तिकडं माजा जीव ऱ्हात न्हाई. घराला कुलूप लावू आन् साताऱ्याला चला."

"मी न्हाई येत," आप्पा म्हणाले. "हितं तिचं समदं हाय."

"मग माजा फोन ऐकू येईल असं कायतरी करा. येक दिवस जरी फोन लागला न्हाई, तरी मी गाडी घिऊन येणार. मग काय बी ऐकणार न्हाई."

म्हणून आप्पांनी वीरधवलला बोलावलं. त्याचं इस्लामपुरात स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मशीन उघडून पाहिलं. "मशीन संपलंय आप्पा," तो आप्पांच्या कानात ओरडला. "ह्यातला ट्रान्सफॉर्मर तेवढा चांगला हाय. नवं सर्किट आणतो आन् दोनी खोक्याच्या पोटातच बसवतो. बाहेरचं मशीन नको, बटणांची भानगड नको. येकच स्विच. फोनची बारीक वायर मागं लावून ठेवायची. फोन वाजला की खोकंच वाजंल."

मित्रांनो, त्या दिवशी माझी पाठ करवतीनं कापली. माझ्या सोबत्याच्या, त्या मशीनच्या, पोटातला ट्रान्सफॉर्मर काढून माझ्या पोटात स्क्रूनं आवळला. शेजारी सर्किटची पाटी बसवली. सोबत्याचा रिकामा पत्रा भंगारात गेला. सुतारानं मला बनवलं तेव्हापासून मी दुसऱ्याच्या जोरावर बोलत होतो. आता जोर माझ्याच पोटात आला.

काम झाल्यावर वीरधवलनं बोळा उपसून बाकावर ठेवला आणि आप्पांच्या कानात ओरडला, "आप्पा, ह्यो होल उघडाच ठेवायचा. मशीन तापतं. त्येला वारा ह्यातनंच मिळणार."

"जीव जातील की आत," आप्पा म्हणाले.

"आवं, चार डास गेले तर काय हुतंय?"

आप्पांनी बाकावरचा बोळा उचलला. तो त्यांनी मांडीवर घेतला.

त्याच संध्याकाळी कीर्तीचा फोन आला. मी एवढ्या मोठ्यानं वाजलो, की रंगुबाई दारात आल्या. आप्पांनी फोनचं बटण दाबलं आणि जाळीवर हात ठेवला.

"आप्पा, जेवला का?"

"जेवलो. घेवडा केलता."

पलीकडं कीर्ती हसली आणि हसता हसता रडू लागली. 'भाजी कसली करू?' हा काकींचा रोजचा प्रश्न दोघांनाही आठवला होता.

पण दिवा लागला तशी एक पाकोळी माझ्याभोवती फिरू लागली. आप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग उठले आणि बोळा माझ्या छिद्रात घालून अंगठ्यानं दाबून बसवला. जसा काकी बसवायच्या, तसाच. त्यांना वीरधवलचं बोलणं समजलं होतं. पण काकींनी जे छिद्र बंद केलं, ते आपण उघडं कसं ठेवायचं, एवढाच विचार त्यांच्या मनात होता. मला तोंड असून मी काही सांगू शकलो नाही. माझ्या तोंडून दुसऱ्याचंच बोलणं निघतं.

फोन येईल म्हणून माझा स्विच रात्रंदिवस चालू असायचा. पोटातली हवा तापत गेली. थोडे दिवस मी तग धरला. मग एका दुपारी सर्किटनं स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडला. माझ्या स्विचजवळचा बारीक दिवा जळत होता, पण मी मुका झालो होतो. साताऱ्याहून कीर्तीचे फोन येत राहिले. आप्पा माझ्याशेजारी बसून त्याच फोनची वाट बघत होते.

संध्याकाळच्या आत कीर्तीची गाडी दारात आली. ती धावतच सोप्यात शिरली. आप्पांना खुर्चीत बसलेलं पाहून तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. "मला वाटलं, तुमीपण गेला," ती म्हणाली. आप्पांना ते ऐकू गेलं नाही. ते बरंच झालं.

मग ती उठली आणि आप्पांचे कपडे पिशवीत भरू लागली. आप्पांनी अडवलं नाही. ठरलं होतं तसंच चाललं होतं. कपाटातला काकींचा फोटो तेवढा ते काढून पुसत बसले.

रंगुबाईंनी वीरधवलला फोन केला होता, तो आला. त्यानं माझ्या पाठीला हात लावला आणि पटकन मागं घेतला. "आप्पा, बोळा घातला व्हय? तरी सांगितलं हुतं!" तो बोळा उपसायला वाकला, तसा आप्पांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. मी काढतो."

त्यांनी बोळा ओढून काढला. तो कढत झाला होता. आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला, मग कपाळाला लावला. "आसंच अंग तापलं हुतं तिचं," ते म्हणाले.

कीर्तीच्या हातातली पिशवी तिथंच राहिली.

वीरधवलनं माझ्या उघड्या छिद्रावरून बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, "आप्पा, पिठाची जुनी चाळण हाय का घरात?" रंगुबाईंनी आपल्या घरून आणली. त्यानं चाळणीची जाळी गोल कापली आणि माझ्या छिद्रावर बारीक खिळ्यांनी ठोकली. "बघा. वारा जाईल, जीव जाणार न्हाई." एवढी साधी गोष्ट आधी कुणालाच सुचली नव्हती.

मी थंड झाल्यावर कीर्तीनं अंगणाच्या टोकाला जाऊन फोन लावला. "आप्पा, ऐकू येतंय?"

आप्पांनी तळहात ठेवला. "येतंय. पण आवाज बदलला गं. घुमतोय."

"कळतंय न्हवं?"

"कळतंय."

कीर्तीनं पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले. जाताना ती बराच वेळ गाडीत नुसतीच बसली होती. मग एकटीच गेली.

आता रोज दिवस मावळायच्या आधी मी वाजतो. बाप-लेक थोडं बोलतात. बोलणं संपलं तरी आप्पा हात काढत नाहीत. बोळा त्यांच्या मांडीवर असतो. दर पंधरवड्याला ते तो धुतात आणि उन्हात वाळवतात. काल फोन ठेवल्यावर, काकींशी बोलावं तसं ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "आता तू बोल की."

मित्रांनो, माझ्या पोटात आता मशीन आहे. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा जोर आहे. मी तो सगळा जोर लावून बघितला. पण माईक स्वयंपाकघरातच खुंटीला लटकलेला आहे, आणि स्पीकरला स्वतःचे शब्द नसतात. माझा पडदा जरासुद्धा हलला नाही.

तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका आणि त्यांना सोडूनही देऊ नका. जवळ बसा, त्यांचा हात धरा आणि भाजी कसली करायची, एवढं तरी विचारा. आप्पांना ते आता कोणी विचारत नाही.