इटलीहून आलेली चादर

शिशुगृहात मी बावीस वर्षं आया आहे. फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं येते आणि आल्या आल्या पदर खोचून आधी कपडे भिजवते. माझ्या हातचं कापड नाक मुरडून उचलावं लागलं, असं आजवर झालेलं नाही. हा माझा तोरा आहे, आणि याच तोऱ्यापायी गेल्या वर्षी मी माती खाल्ली.

सायली तेव्हा चार वर्षांची. सहा दिवसांची असताना आमच्याकडे आली आणि माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. दुपारी माझा पदर नाकाशी धरल्याशिवाय तिचा डोळा लागायचा नाही. डाव्या पायानं जराशी लंगडते, म्हणून इथल्या कुणी तिला घेतलं नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो. शेवटी इटलीतल्या एका जोडप्यानं तिला दत्तक मागितलं, लुचिया आणि पाओलो. वर्षभर कागद फिरले, मग दर आठवड्याला फोनवर ती दोघं दिसायला लागली. सायली त्यांना हात हलवायची आणि फोन बंद झाला की खेळायला पळायची.

डिसेंबरात त्यांचं पार्सल आलं. आत फोटोंचं पुस्तक, कापडी ससा आणि एक निळी चादर. चादर चुरगळलेली, कॉफीचा आणि कसलातरी अनोळखी वास मारणारी. मला त्यांचीच लाज वाटली. लेकराला कुणी वापरलेली चादर पाठवतं? मी ती साबणात भिजवली, घासली, दोन पाण्यांतून काढली आणि गच्चीवर कडक उन्हात वाळत टाकली.

संध्याकाळी आमच्या समाजसेविका शकीला मॅडम पार्सलमधली चिठ्ठी घेऊन आल्या. "द्वारकामावशी, चादर कुठाय? महिनाभर दोघं तीच घेऊन झोपलेत. पोरीला त्यांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून न धुता पाठवली. आता रोज तिच्या उशाला ठेवायची."

मी गच्चीवरून चादर आणून दिली. मॅडमनी ती नाकाला लावली. "मावशी, ये क्या कर दिए तुम!"

दुसरी मागवायला वेळ नव्हता. पुढच्या सोमवारी ती दोघं दारात हजर झाली.

लुचिया आल्याबरोबर फरशीवर मांडी घालून बसली. सायली माझ्या साडीमागं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. लुचियानं हात पुढं केला की ही किंचाळायची, घास तोंडात घेईना. गुरुवारी लुचिया व्हरांड्यात जाऊन रडली. पाओलो शकीला मॅडमशी खालच्या आवाजात बराच वेळ बोलला.

"काय म्हणतेत?" मी विचारलं.

"म्हणतेत, रविवारचं विमान आहे. पण पोरगी एवढी घाबरत असेल तर ओढून न्यायची नाय. एकटेच परत जातो म्हणतेत."

दुसरं कोण येणार होतं सायलीसाठी?

"त्यांना सांगा मॅडम, चादर म्या धुतली. त्यांची काय बी चूक नाय."

मॅडमनी सांगितलं. लुचियानं ओले डोळे पुसले, माझ्याकडं पाहिलं आणि चक्क हसली. मॅडम म्हणाल्या, "हिची आई पण अशीच दिसेल ते धुऊन टाकती म्हणे." तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिच्या त्या हसण्यानं मात्र मी पुरती विरघळले.

निरोपाच्या वेळी लुचियाची ओटी भरायची म्हणून मी गुलमंडीच्या बाजारातून नवी साडी आणून ठेवली होती. गुरुवारी रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी आदल्या दिवशीचीच साडी नेसून कामावर आले. शनिवारीही तीच. सून म्हणाली, "आत्याबाई, बरं वाटत नाय का?" मी तिला गप्प बस म्हणाले. बसमध्ये मी कुणाच्या शेजारी बसले नाही.

शनिवारी दुपारी न्हाणीघरात जाऊन नवी साडी मी नेसले आणि तीन दिवस अंगावर वागवलेली तांदूळ-नारळासकट लुचियाच्या ओटीत घातली. नेसलेली साडी ओटीत घालणाऱ्या बाईला आमच्या गावानं नावं ठेवली असती, पण माझा नाइलाज होता. "मॅडम, हिला म्हणावं, अंगावर घे. अन् धुवू नको."

लुचियानं ती जीन्सवरच गुंडाळली आणि भिंतीला टेकून बसली. सायली झोपेला आलेली. आधी माझ्याकडं आली, माझ्या कोऱ्या पदराचा वास घेतला, नाक फेंदारलं आणि पदर सोडून दिला. मग लांबूनच लुचियाच्या पदराचं टोक ओढलं. नाकाशी धरलं. थोडी सरकली, आणखी थोडी सरकली आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपली. पाय मुंग्यांनी बधिर झाला तरी लुचिया दोन तास हलली नाही.

मी बाहेर येऊन रडले. आनंद झाला होता आणि जीव तुटतही होता, दोन्ही खरं आहे.

रविवारी गाडीत सायली तोच पदर मुठीत धरून बसली आणि मला हात हलवत गेली.

गेल्या महिन्यात इटलीहून माझ्या नावानं पार्सल आलं. आयुष्यातलं पहिलं. सायकलवर बसलेल्या सायलीचा फोटो आणि एक पिवळा फ्रॉक. चुरगळलेला, छातीवर कसलासा लाल डाग. शकीला मॅडमनी चिठ्ठी वाचली, "मावशी, आठवडाभर अंगात होता. धुतलेला नाही."

मी तो नाकाशी धरला. त्याला कॉफीचा आणि गच्चीवर मी उन्हात उडवून लावलेला तोच अनोळखी वास होता, आणि त्यात मिसळलेला माझ्या सायलीचा. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडू? फ्रॉक माझ्या पेटीत आहे, आणि सुनेला ताकीद दिली आहे, त्याला पाणी लावायचं नाही.