नवाबाचे गुडघे

दिनकररावांनी गाडी घेतली ती कमलबाईंच्या गुडघ्यांसाठी. निदान बोरीत तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं. पारावर, सोसायटीत, कटिंगच्या दुकानात, ज्यानं विचारलं नव्हतं त्यालाही. "एस्टीत चढवत न्हाई तिला, म्हणून घेऊन टाकली." गाडी आली सात सीटची आणि चांगली उंच. एस्टीला पायऱ्या तरी होत्या, हिला एकही नव्हती. कमलबाईंना आत बसवायचं तर गाडी घराच्या ओट्याला भिडवून उभी करावी लागे, म्हैस टेम्पोत चढवताना बांधाला लावतात तशी.

महिनाभरात दोन दांडगी विलायती कुत्री आली. मोठ्या गाडीच्या मागच्या काचेतून मोठं कुत्रं बघत असलं की शोभा येते, हे दिनकररावांनी कुठल्याशा पुढाऱ्याच्या गाडीकडे बघून ठरवलं होतं. एकाचं नाव नवाब, दुसऱ्याचं सुलतान. मागची सीटं घडी घालून दोघांना जागा झाली.

आज मानवतला कमलबाईंच्या भाचीचा, सविताचा साखरपुडा होता. पोरीची पहिली ओटी आत्यानं भरायची ही त्या घरची रीत. मुहूर्त साडेबाराचा. कमलबाईंनी ओटीची पिशवी रात्रीच भरून ठेवली होती. वाटेत परभणीला थांबून दाराखाली पायरी बसवून घ्यायची, एवढं एकच मागणं त्यांनी केलं होतं. दिनकरराव हो म्हणाले होते, आणि त्यांचं हो किती टिकतं हे त्या तीस वर्षं बघत आल्या होत्या.

वसमत रोडवर महारुद्रचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. कमलबाई कशाबशा खाली उतरल्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. महारुद्रनं आधी कुत्र्यांकडे पाहिलं, मग दिनकररावांकडे, आणि गिऱ्हाईक ओळखलं.

"मागं रबरी मॅट लागंल साहेब, न्हाईतर नखांनी वाट लागती."

"टाका."

"मधी जाळी. ब्रेक मारला की जनावर पुढं येतंय."

"टाका. काळी हाय का? गाडीला शोभंल अशी?"

मग गादी आली, काचांना पडदे आले, हिंदकळलं तरी सांडत नाही असं पाण्याचं भांडं आलं. शेवटी महारुद्रनं आतून एक घडीची फळी आणली. डिक्कीला लावली की जमिनीपर्यंत उतार होत होता, वर पाय घसरू नये म्हणून खरखरीत पट्टी.

"ही तर घ्याच साहेब. वजनदार कुत्र्याचे गुडघे लय नाजूक असतेत. उड्या मारून जातेत."

दिनकररावांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली. त्यांनी नवाबच्या पायावरून हात फिरवला. "गुडघ्याचं दुखणं लय वाईट," ते म्हणाले. "आमी घरात बघायलोत ना."

कमलबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, पायरीचं इचारा."

महारुद्रनं ओठ मुडपले. "पायरी बसवता येती वहिनी. पर मंग गाडीचा रुबाब जातो. भाड्याची काळीपिवळी दिसती बघा."

"पुढच्या खेपेला बघू," दिनकरराव लगेच म्हणाले.

हे सगळं बसवेपर्यंत साडेअकरा वाजले. कमलबाईंनी पुढचं दार उघडलं, खुर्ची जवळ ओढली आणि तिच्यावर पाय ठेवला. खुर्चीचा पाय वाकला. दिनकरराव मागून रेटायला आले तसं रस्त्यावरचे दोघंतिघं थांबले. कमलबाई खाली उतरल्या, पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि गाडीच्या मागं गेल्या.

फळी लावलेलीच होती. एकेक पाऊल टाकत त्या वर गेल्या. गुडघा एकदाही कळवळला नाही. नवाबच्या गादीवर मांडी घालून बसल्या आणि जाळीतून म्हणाल्या, "कुत्री मधल्या सीटवर घ्या. पट्टा बांधा त्यायला."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकायनी बघावं म्हणूनच घेतली ना गाडी? चला, मुहूर्त चुकायलाय."

सव्वाबाराला गाडी मांडवापुढं थांबली. कमलबाईंचे भाऊ आश्रुबा फेटा सावरत लगबगीनं आले. त्यांनी बहिणीसाठी मोठ्या मानानं मधलं दार उघडलं. आत नवाब आणि सुलतान पट्टे लावून बसले होते. दोघांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"कमल कुठाय?"

दिनकरराव खाली मान घालून मागं गेले, डिक्की उघडली आणि फळी टेकवली. पाव्हण्यांचा सगळा घोळका मागं गोळा झाला. पैठणीतल्या कमलबाई सावकाश उतरल्या. जो तो हसू दाबत होता, फक्त नवऱ्या मुलाची आजी कौतुकानं फळी चाचपत होती.

"कुठून आणली गं बाई? माझेबी गुडघे गेलेत."

दिनकररावांच्या जिवात जीव आला. छाती पुढं काढून ते म्हणाले, "खास मागवली आजी. हिच्यासाठीच. बायकोचं दुखणं बघवत न्हाई आपल्याला."

कमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आश्रुबांची वळलेली मूठ त्यांना दिसली. भाचीच्या दिवशी भांडण नको, म्हणून त्या हसल्या.

"व्हय आजी," त्या म्हणाल्या. "आन जाताना दाराखाली पायरी बसवायलेत. ती बसंपर्यंत मी बोरीला यायची न्हाई. इतंच ऱ्हाते माहेरी."

पाव्हण्यांनी माना डोलावल्या. एवढी काळजी घेणारा नवरा, पायरी काय मोठी. दिनकररावांनाही मान डोलवावी लागली. आत सविता पाटावर वाट बघत होती. कमलबाईंनी तिची ओटी भरली, कुंकू लावलं, आणि कानाशी वाकून हळूच सांगितलं, "सासरी काय मागायचं ते चार मान्सांत मागत जा."

जेवणं चालू होती तेव्हा दिनकरराव मांडवाच्या कोपऱ्यात फोनवर महारुद्रला विचारत होते, रुबाब न घालवणारी एखादी पायरी मिळते का.