एझराकाकांची खिडकी

एझराकाका शिफ्लेट आपल्या जावयाशी बोलत नव्हते, आणि जावई तर दिवसभर त्यांच्या शेजारीच असायचा. काका पाच नंबरच्या इंजिनाचे ड्रायव्हर आणि जावई विलिस त्याच इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन. काकांनी साहेबाकडे जाऊन दुसरा फायरमन मागितला होता. साहेब म्हणाला होता, "घरातली भांडणं घरात ठेवा. त्याच्याइतकी चांगली आग राखणारा दुसरा माझ्याकडे नाही."

भांडणाचं कारण एवढंच, की काकांची एकुलती एक लेक व्हीना हिनं विलिसशी लग्न केलं. काका म्हणाले होते, रेल्वेवाल्याला मुलगी देणार नाही. तुझ्या आईचा जन्म खिडकीशी वाट बघत उभं राहण्यात गेला. पोरीनं ऐकून घेतलं, आणि एका शनिवारी काका शेडमध्ये इंजिनाखाली आडवे पडून चाकांचे दाते बदलत असताना ती विलिसबरोबर पाद्र्याच्या दारात जाऊन उभी राहिली. काका इंजिनाखालून बाहेर आले तेव्हा त्यांना जावई झालेला होता.

त्या दिवसापासून काकांनी तोंड मिटलं. पण इंजिन चालवायचं तर बोलावं लागतंच. मग ते ब्रेकवाल्या हॉबर्टला सांगायचे, "हॉबर्ट, त्याला सांग, पाणी कमी आहे." हॉबर्ट हाताएवढ्या अंतरावर उभ्या असलेल्या विलिसकडे वळून गंभीरपणे म्हणायचा, "काका म्हणतात, पाणी कमी आहे." विलिस म्हणायचा, "काकांना सांग, सोडतोय." गाडी सुटली की हॉबर्ट मागे ओंडक्यांवर ब्रेकपाशी निघून जायचा. तेव्हा काका वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याशी बोलायचे. "काय रे काट्या, झोपलास का? कोळसा कोण टाकणार, तुझा बाप?"

विलिसला याचा राग यायचा नाही असं नाही. पण तो हसू दाबून फावडं मारायचा. याच माणसानं त्याला आग कशी पातळ पसरायची, चढ यायच्या आधी वाफ कशी जमवून ठेवायची, ते सगळं हात धरून शिकवलं होतं.

बेअरवॉलो डोंगरावर तेव्हा स्प्रूसच्या झाडांची मोठी तोड चालली होती. पाच नंबर सकाळी रिकाम्या गाड्या वर ढकलत न्यायचं आणि दुपारी ओंडके लादून मेरिट गावच्या लाकूडगिरणीकडे उतरायचं. साधं इंजिन त्या चढावर पहिल्याच वळणाला बसलं असतं. हे ‘शे’ नावाच्या बनावटीचं, खास डोंगरासाठीचं होतं. उजव्या अंगाला तीन उभे सिलिंडर, खाली लांब दांडा, आणि दांड्यावरच्या दात्यांनी एकूण एक चाक फिरायचं. आवाज ऐकून वाटावं, गाडी वाऱ्यासारखी सुटली आहे. प्रत्यक्षात शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत बरोबर यायचा.

पानं पिवळी पडायला लागली त्या सुमारास विलिसला पहिल्यांदा शंका आली. काका पाण्याच्या टाकीपुढे गाडी नेऊन थांबले. तीस वर्षं डोळे मिटून ज्यांनी टाकीखाली गाडी लावली, ते चांगले गाडीभर पुढे गेले. मग रुळावर हरीण उभं होतं, तर शिट्टी नाही. बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच ते बोटानं चाचपून बघायचे. एकदा ऊन तिरपं आत आलं तेव्हा विलिसनं त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. बाहुल्यांवर पातळ ताकासारखं काहीतरी पसरलं होतं.

घरी त्यानं व्हीनाला सांगितलं. ती बीन्सच्या पातेल्यात डाव फिरवत होती. तिला चौथा महिना होता. रोज संध्याकाळी ती एक ताट झाकून बापाच्या ओसरीवर ठेवून यायची. दार उघडायचं नाही, पण सकाळी ताट घासून स्वच्छ ठेवलेलं असायचं.

"साहेबाला सांगू का?" विलिसनं विचारलं.

"सांगितलंस तर बा म्हणेल, जावयानं आधी पोरगी नेली, आता जागा नेली." ती डाव तसाच धरून उभी राहिली. "आणि नाही सांगितलं तर?"

"तोच तर घोर आहे."

"तू त्याला दाखव ना."

"अगं, पण ते माझ्याशी बोलत नाहीत."

"तो काट्याशी बोलतो ना? मग तूही बोल कुणाशीतरी."

दुसऱ्या दिवसापासून विलिस इंजिनाशी बोलायला लागला. डाव्या खिडकीतून मान बाहेर काढायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "बाई गं पाच नंबर, पुढे वळणावर गाय आली बघ, मॅकेल्वींची." काका समोर बघत राहायचे, पण हात शिट्टीच्या दोरीकडे जायचा. "टाकी आली, आता हळू घे… हां, अजून थोडं… बस." गाडी बरोबर टाकीखाली थांबायची. काका काट्याला म्हणायचे, "काही लोकांना फार बडबडायची सवय असते." पण गप्प बस असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

असे कितीतरी दिवस गेले. खरं सांगायचं तर विलिसला त्यात बरं वाटायला लागलं होतं. दोघं पुन्हा एकत्र गाडी चालवत होते, पूर्वीसारखी. आणि जे गोड लागतं त्याच्यातला धोका माणसाला उशिरा दिसतो.

पहिलं दहिवर पडलं त्या आठवड्यातली गोष्ट. ओंडके लादून गाडी उतरत होती. खालच्या सरळ पट्ट्यात, जिथे इंजिन पुढे असतं आणि ओंडके मागे, तिथे ओढ्यावर लाकडी पूल आहे. पुलाच्या जरा आधी पाणी सोडायचा इंजेक्टर अडकला. विलिस खाली वाकून पान्यानं त्यावर ठोके मारत होता. खिडकीकडे लक्ष द्यायला त्याला सवड नव्हती. मनात आलं, सरळ पट्टा आहे, ऊन स्वच्छ आहे, एवढ्यात काय होतंय.

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं. विलिसनं उठून पाहिलं तर पुलाच्या मधोमध एक माणूस टोपी हलवत उभा होता, आणि त्याच्या नि इंजिनाच्या मध्ये दोन ओंडक्यांएवढं अंतर राहिलं होतं.

"थांबवा! माणूस आहे!"

या वेळी तो इंजिनाशी बोलला नाही. काकांनी ब्रेकचा दांडा ओढला, रूळ किंचाळले, मागे हॉबर्टनं ब्रेक आवळले. पण लादलेली गाडी कुणाचं ऐकते? माणसानं टोपी टाकली आणि पुलावरून उडी मारली.

तो जेनारो होता, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतला इटालियन. नशीब म्हणून डोहात पडला. पण एक पाय दगडावर आपटून मोडला. विलिस आणि हॉबर्टनं त्याला पाण्यातून काढलं, काकांनी आपला कोट अंगाखाली घातला. मेरिटपर्यंत जेनारो काकांच्या पायांशी पडून होता. काका एका हातानं गाडी हाकत होते. दुसरा हात त्यांनी जेनारोच्या खांद्यावर ठेवला होता.

गावात कोणीच काकांना दोष दिला नाही. हॉबर्ट म्हणाला, ओढ्यावर धुकं असतं कधी कधी. टोळीचा मुकादम म्हणाला, पुलावर उभं राहायचं नाही हे शंभरदा सांगितलंय. विलिस मात्र घरी येऊन चुलीपाशी बसला तो जेवायला उठेना.

"त्या पायातला अर्धा माझ्या माथी आहे," तो व्हीनाला म्हणाला. "मी काकांचे डोळे व्हायला गेलो. सांगायला हवं होतं."

व्हीनानं त्याचा हात हातात घेतला. "आणि अर्ध्यातला अर्धा माझ्या. मीच म्हटलं होतं, बोल म्हणून." मग तिनं पाव फडक्यात बांधला. "ऊठ. आधी त्याला भेटून येऊ."

जेनारो खानावळीच्या वरच्या खोलीत होता. दोघं आत गेली तर खाटेशेजारी एझराकाका बसलेले, मांडीवर सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी. लेक आणि बाप सहा महिन्यांत पहिल्यांदा एका छपराखाली आली. व्हीनानं पाव जेनारोच्या उशाशी ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

जेनारोचा चेहरा तापानं लाल झाला होता. तो काकांकडे बघत बराच वेळ शब्द जुळवत राहिला.

"एझराकाका, एक विचारू? राग नका मानू."

"विचार की."

"माझं काय चुकलं?"

"तुझं?"

"मी टोपी काढली. हलवली. तुम्ही खिडकीतून बघत होता, माझ्याकडेच. सरळ माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, बघितलं, आता शिट्टी वाजवतील. नाही वाजवली." त्यानं आपल्या मोडक्या पायाकडे पाहिलं. "मग पाण्यात पडल्यावर मनात आलं, काका जसे जावयावर रागावलेत तसे माझ्यावर रागावले असतील. मी इतका विचार केला, मला काही आठवत नाही. आमच्या पोरांनी तुमच्या झाडाची सफरचंदं घेतली होती, ते का? काहीही असो. चुकलं असेल तर माफ करा. आपण बोलू या. न बोलणं वाईट."

काकांनी बरणी चाचपत खाली जमिनीवर ठेवली. विलिसला ते बघवेना. तो पुढे होऊन म्हणाला, "जेनारो, ओढ्यावर धुकं होतं रे. काकांना…"

"धुकं नव्हतं, विलिस."

लग्नानंतर काकांनी जावयाचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

"धुकं नव्हतं," काका पुन्हा म्हणाले. "तुला चांगलं ठाऊक आहे. मला गाय दिसत नव्हती, टाकी दिसत नव्हती. सगळं तू सांगत होतास. मी मुकाट ऐकत होतो आणि वर तुला बडबड्या म्हणत होतो." मग ते जेनारोकडे वळले, पण नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर गेली. "पोरा, मी रागावलो नव्हतो. मला तू दिसलाच नाहीस. ड्रायव्हरला खिडकी सोडवत नाही म्हणून तुझा पाय मोडला. माफी मी मागायची."

जेनारोनं उशीवरून मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं. मग सुटकेचा मोठा श्वास सोडला. "म्हणजे राग नाही?"

"नाही रे बाबा."

"मग बरं," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

काका उठले, दाराकडे जायला वळले आणि खुर्चीला अडखळले. व्हीनानं त्यांचा दंड धरला. "पायरी आहे, बा."

"दिसतंय," ते सवयीनं म्हणाले. मग म्हणाले, "नाही दिसत. धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः साहेबाकडे गेले. विलिसनंही मागोमाग जाऊन आपल्याला ठाऊक होतं ते सांगून टाकलं. साहेबानं दोघांनाही मनसोक्त झापलं, आणि ते झापणं वाजवीच होतं. काकांना शेडमध्ये दाते पुसायचं आणि तेल घालायचं काम मिळालं, जिथे हाताला दिसलं की पुरे. विलिसला हिवाळाभर दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली फावडं मारावं लागलं. वसंतात कुठे पाच नंबर त्याच्या हाती आलं. जेनारो काठी घेऊन हिंडू लागला तोवर काका रोज संध्याकाळी त्याच्याकडे पत्ते खेळायला जात. पत्ते डोळ्यांशी नेऊन बघत आणि तरी हरत. जेनारो म्हणायचा, "काका, सगळे पत्ते मला दिसतात हो." काका म्हणायचे, "मग खेळतोस काय, सरळ जिंक."

मार्चमध्ये व्हीनाला मुलगी झाली. नंतर दोन महिन्यांनी एल्किन्स गावच्या डॉक्टरानं काकांच्या एका डोळ्यावरचा मोतीबिंदू काढला. त्यांना आणायला दोघं मुलीला घेऊन गेली. काका दवाखान्याच्या ओसरीवर बसले होते. नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यांनी विलिसला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुझे कान इतके मोठे आहेत?" ते म्हणाले. "हे आधी नीट दिसलं असतं तर लग्नाला आणखी जोरात आडवा आलो असतो."

"बा," व्हीना म्हणाली, "पोरीचेही तसेच आहेत."

काकांनी हात पुढे केले. मुलीला घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला, मान तिरपी केली. तिचे कान अगदी जवळून पाहिले, आधी एक, मग दुसरा. मुलीनं चष्म्याची दांडी पकडली ती सोडेना.

"हिला शोभतात," ते म्हणाले, आणि स्टेशनवर पोचेपर्यंत मुलगी कोणाच्या हाती दिली नाही.