पोचल्यावर कळव

नवा राउटर भिंतीवर चढून नऊ दिवस झाले होते आणि डब्याने अजून तोंड उघडलं नव्हतं. डबा म्हणजे टीव्हीखालच्या फळीवरचं काळं खोकं. आत दोन डिस्क, आणि घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्यांच्या पोटात. मुलाने ते आणलं तेव्हा आईने विचारलं होतं, "हा कसला डबा आणलास?" तेच नाव कायमचं चिकटलं.

नऊ दिवसांत आईने प्रत्येक वायर काढून परत लावून पाहिली. राउटर कंपनीच्या माणसाला चारदा फोन केला. त्याचं एकच पालुपद: "डब्याच्या मागे बारीक भोक असेल, त्यात सुई घाला आणि दहा सेकंद दाबून धरा. फोटो जाणार नाहीत आजी, फक्त सेटिंग पुसलं जाईल."

आईला सुयांचा काय तोटा! चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवण्यात गेलेली बाई ती. पण फोटो तिच्याकडे कागदावरही होते. तिला हवं होतं ते नेमकं त्या सेटिंगातच होतं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामासाठी गावोगाव गाडीने जायचा, आणि तो उंबरा ओलांडायच्या आत आईचं ठरलेलं वाक्य त्याच्या पाठीवर पडायचं: "पोचल्यावर कळव." तो कंटाळायचा, चिडवायचा, पण कळवायचा. "आई, पोचलो." आई उत्तर द्यायची, "बरं. जेव." भर दुपारी चार वाजता पोचला तरी जेव. डबा बसवला त्या दिवशी त्याने एक खोडी करून ठेवली. वीज जाऊन आली आणि डबा परत चालू झाला, की डब्याने आईच्या फोनवर निरोप धाडायचा. निरोपाचे शब्द त्याने स्वतः भरले होते: आई, पोचलो. पहिल्यांदा तो निरोप आला तेव्हा मुलगा समोरच्या खुर्चीत बसून फिदीफिदी हसत होता, आणि आईने त्याला हातातली मोजपट्टी फेकून मारली होती.

सात महिन्यांपूर्वी तो दुपारी निघाला तो पोचलाच नाही. आईने तीन फोन केले होते. ते तिन्ही फोन नंतर त्याच्या फुटलेल्या फोनवर, न उचललेले, दिसले. दवाखान्याच्या जिन्यात सून तिला म्हणाली होती, "तुमच्या त्या पोचलास का, पोचलास का-नंच घात केला. गाडी चालवताना फोन बघायला गेला असणार तो."

  आईलाही तेच वाटत होतं. त्या दिवसापासून तिने कुणालाही पोचल्यावर कळव म्हटलं नाही. वीज गेली-आली की डबा मात्र न चुकता कळवायचा. वीज बरेच दिवस गेली नाही, तर आई स्वतःच बटण बंद करून चालू करायची. फोन वाजला की "बरं. जेव." लिहायची. ते कुठेच जायचं नाही. या क्रमांकावर उत्तर देता येत नाही, अशी ओळ यायची. वेडेपणा होता, तिला कळत होतं. पण तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मग गेल्या महिन्यात सून वेगळं घर घेऊन राहायला गेली. राउटर तिच्या नावावर होता, तिचं काम घरून चालायचं, तो ती घेऊन गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. पण डबा मुका झाला.

दहाव्या दिवशी आईने नाक मुठीत धरून सुनेला फोन केला. "डबा चालत नाही," एवढंच म्हणाली. सून म्हणाली, "रविवारी दुपारी येते."

आली ती चपला काढून थेट फळीपुढे मांडी घालून बसली. पाणीसुद्धा नको म्हणाली. वायर बदलली, दिवा पाहिला, लॅपटॉप उघडला. आई शिवणयंत्रापाशी एक धड असलेला पडदा उसवत बसली. हातांना काहीतरी हवं होतं.

"राउटरच्या यादीत तुमचा फोन आहे, टीव्ही आहे. डबा नाही," सून म्हणाली. "पण दिवा तर लुकलुकतोय. म्हणजे जिवंत आहे." मग तिने वायर राउटरमधून काढून सरळ लॅपटॉपला जोडली, काही आकडे भरले आणि स्क्रीनकडे बघत राहिली. "हं. इथे बसलाय होय!"

"काय झालं?"

"आई, राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता देतो. आपला जुना राउटर एक नंबरच्या गल्लीतले पत्ते द्यायचा, हा नवा शून्य नंबरच्या गल्लीतले देतो. बाकी सगळे मुकाट नव्या गल्लीत आले. पण तुमच्या लेकानं डब्याचा पत्ता पक्का करून ठेवला होता, कधी बदलू नये म्हणून. तो अजून जुन्याच गल्लीत उभा राहून हाका मारतोय. ऐकायला तिथे कुणी नाही."

आईचे उसवणारे हात थांबले. आपलं तरी दुसरं काय चाललंय, असं तिच्या मनात आलं.

"मग आत जाऊन पत्ता बदल."

"पासवर्ड मागतोय." सुनेने तीन पासवर्ड घालून पाहिले. लग्नाची तारीखही घातली. तीही चालली नाही, तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला. "आता सुईच. द्या एक बारीकशी. फोटोंना धक्का लागत नाही."

"नको."

"अहो, फक्त सेटिंग जाईल. दोन मिनिटांत नवीन घालून देते."

"त्यानं घातलंय ते जाऊ द्यायचं नाही!" आईचा आवाज इतका चढला की दोघीही दचकल्या. "सुई लावायची नाही त्याला. दुसरं काही होत असेल तर बघ, नाहीतर राहू दे तसाच."

सुनेने हात मागे घेतला. कारण विचारावंसं वाटलं असणार, पण विचारलं नाही. राउटरकडे बघत म्हणाली, "डब्याला हलवायचं नसेल, तर राउटरला हलवावं लागेल. ह्याची गल्ली बदलून जुन्यासारखी करते. मग डब्याला कळणारसुद्धा नाही की राउटर बदललाय."

"तसं कर."

तिने राउटरचे आकडे बदलले. राउटरचे दिवे गेले, एकेक करून परत आले. डब्याची वायर राउटरला जोडून तिने डबा बंद करून चालू केला. आतल्या डिस्क घरघरल्या. आईने फोन मांडीवर पालथा ठेवला, मग उताणा केला, मग परत पालथा.

फोन वाजला.

आईने तो उताणा केला, तसं सुनेचं लक्ष सहज गेलं. फोनवर मोठ्या अक्षरांत होतं: आई, पोचलो.

"हे काय?" सुनेने विचारलं.

आईने सांगितलं. खोडी, मोजपट्टी, बटण, सगळं. सांगताना तिला आतून लाज वाटत होती. ज्या शब्दावरून सुनेने तिला दोषी ठरवलं, तोच शब्द ऐकायला तिने सुनेलाच बोलावून घेतलं होतं.

सून जमिनीवरच बसून होती. तोंडावर हात दाबून ती रडायला लागली, आणि रडता रडता बोलली, "आई, तुमचे फोन नंतरचे होते."

"काय?"

"पोलिसांच्या कागदावर मी सही केली ना, दवाखान्यात. अपघाताची वेळ होती त्यावर. चार चाळीस. तुमचा पहिला फोन पाच दहाचा. जिन्यात बोलले तेव्हा मला ठाऊक होतं. मला कुणावर तरी घालायचं होतं हो ते. तुम्ही समोर होतात."

 सात महिने हिशेब लावून लावून आईने रात्री घालवल्या होत्या: दुसरा फोन केला नसता तर, पाच मिनिटं थांबले असते तर. आणि हिला ठाऊक होतं. एक सणसणीत ठेवून द्यावी असं वाटलं, आणि त्याच हाताने तिला जवळ घ्यावं असंही वाटलं. यातलं काहीच झालं नाही.

"जा आता," ती म्हणाली. "उशीर होईल."

सुनेने डोळे पुसले, लॅपटॉप पिशवीत घातला, चपला घातल्या. दारात जरा रेंगाळली. तिथे एक वाक्य पडायचं असतं, ते तिलाही माहीत होतं. आईच्या जिभेपर्यंत ते आलं होतं. तिने ते गिळलं आणि दार लावून घेतलं.

मग आई उसवलेला पडदा घेऊन बसली. तासाभराने, उजेड कमी होऊन दोरा दिसेनासा झाला तेव्हा, फोन वाजला. वीज तर गेली नव्हती. चष्म्याशिवाय तिने वाचलं, आई, पोचलो, आणि चाचपडत चष्मा शोधला. चष्मा लावून पुन्हा वाचलं तेव्हा शेवटच्या अक्षराचा काना नव्हता.

आई, पोचले.

ती धाय मोकलून रडली. काना असता तर तो तिचा लेक असता. सात महिने ती त्या कान्यालाच धरून बसली होती. आता ती ज्याची वाट बघत होती तो कधीच पोचणार नव्हता, आणि जिचा राग आला होता ती सुखरूप घरी पोचली होती.

बऱ्याच वेळाने तिने पदराने फोनची काच पुसली आणि लिहिलं: "बरं. जेव."

ते उत्तर गेलं.