डावीकडचा स्पीकर

मॉम फोनवर एवढंच म्हणाली, "रेनाटा, तुझा बाप कटर घेऊन गॅरेजमध्ये गेलाय. तू ये."

हातातलं काम टाकून मी निघाले. डॅडची लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार जवळजवळ माझ्याच वयाची. आधीच्या मालकाने तिचा कंपनीचा स्टिरिओ उपटून कसलासा धडधडणारा डबा बसवला होता आणि त्यापायी मूळ वायरिंग कचाकचा कापलं होतं. त्या माणसाला डॅड अजून शिव्या घालतो. कंपनीचा तसाच स्टिरिओ डॅडला मिळाला, पण न कापलेलं वायरिंग मिळेना. शेवटी इंडियानातल्या एका भंगार यार्डात, ठोकलेल्या गाडीत, वायरींचा अख्खा जुडगा सापडला. टोकांच्या कपलरसकट, कुठेही जोड नसलेला. असा दुसरा मिळायचा नाही, हे त्यानेच आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं. आणि आता तोच जुडगा डॅड स्वतः कापायला बसला होता.

मी पोचले तेव्हा डॅशबोर्ड उघडा होता. जुडगा बाहेर लोंबत होता आणि डॅड ड्रायव्हरच्या, म्हणजे इथल्या गाड्यांत असते तशा डावीकडच्या सीटवर घामाघूम होऊन बसला होता.

"डावा स्पीकर मेलाय," तो म्हणाला. "स्पीकर बदलला, कपलर घासले, सगळं झालं. वायरच आतून तुटलीये. आता वायरींवरची टेप सोडून कापून बघतो."

"आधी एकदा वाजव तरी."

मी शेजारी बसले. त्याने रेडिओवर बेसबॉलची मॅच लावली आणि आवाज कुठल्या बाजूच्या स्पीकरला द्यायचा ते बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं. त्याच्या दारातून कॉमेंटेटर बोंबलायला लागला.

"बघ," डॅड म्हणाला. "लांब कुठे डास गुणगुणावा तसा येतोय."

मी त्याच्या दाराकडे बोट दाखवलं.

"डॅड, वाजतोय तो. चांगला वाजतोय."

"तूही आईसारखीच! म्हातारा दिसला की लागल्या समजूत काढायला."

कान हा शब्द आमच्या घरात बंद होता. एप्रिलमध्ये मॉमने एकदाच म्हणून बघितलं की डॉक्टरला दाखवू या. त्यावर हा म्हणाला, माझे कान ठणठणीत आहेत, तूच तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस. तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलावर फारसं बोलेनाशी झाली. मग हा मलाच फोन करून म्हणायचा, "तुझी आई घरात मुकी झालीये. रविवारी चर्चमध्ये मासला जाताना गाडीत मात्र तोंडाचा पट्टा चालू." माझी आई मुकी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण दोघांच्या मध्ये कोण पडणार?

त्याने टेप सोलली. एक हिरवी वायर ओढली आणि कटरच्या तोंडात धरली. आता मी कानाचं नाव काढलं असतं तर निव्वळ रागाने त्याने ती तोडली असती. मला माहीत आहे, कारण मीही तोडली असती.

"थांब!" मी ओरडले. "मागे काहीतरी खडखडतंय. मागच्या काचेकडे वळून ऐक जरा."

"आता मागे काय मेलं?"

"बघ तर खरं. मी बटण फिरवते."

गुडघ्यांच्या नावाने शिव्या घालत तो सीटवर गुडघे टेकून उलटा वळला. कटर हातातच होता. मी बटण पुन्हा पूर्ण डावीकडे नेलं.

"आला!" डॅड किंचाळला. "डावा आला की! काय केलंस गं पोरी?"

इतका खूश झालेला मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला अगदी पाप केल्यासारखं वाटलं. तरी मी बटण उजवीकडे नेलं.

"अरे! आता उजवा गेला?"

"मी वायरला हात लावला नाही, डॅड. फक्त तू वळलास."

त्याने हळूच तोंड पुढच्या काचेकडे वळवलं. परत मागे. परत पुढे. त्याचा हात धरावासा वाटत होता, पण माझी हिंमत झाली नाही. मग त्याने कटर डॅशबोर्डवर ठेवला आणि रेडिओ बंद केला.

"जेवताना ती माझ्या डाव्या हाताला बसते," तो म्हणाला.

"हो."

"आणि गाडीत उजव्या."

"हो, डॅड."

आत मॉम सॉसेज आणि आंबवलेला कोबी वाढत होती. तिने आधी त्याचे हात पाहिले. तो टेबलाशी गेला, तिची खुर्ची उचलली आणि आपल्या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली.

"हे काय नवीन?" मॉम म्हणाली.

"बस," डॅड म्हणाला. "एप्रिलपासून जे जे बोललीस ते सगळं परत सांग."

मॉमने माझ्याकडे पाहिलं. मग ती त्याच्या उजव्या बाजूला बसली.

"आधी हात धुऊन ये," ती हळूच म्हणाली. "रोज हेच सांगते."

डॅड हात धुवायला गेला.